‘साबणावर अक्षरं भरून जातात’: एका ग्राहकताईंच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टार पाहिला, खालचा मजकूरही वाचला. तक्रारी तीन. शिक्का साबणाच्या वडीवर मारला की अक्षरं भरून जातात. कापडी पिशवीवरची छाप पहिल्याच धुण्यात गेली. आणि बाजारात दोनशेला मिळणाऱ्या रबरी शिक्क्याचे आम्ही साडेआठशे घेतले. साबण, मेणबत्त्या, मातीची भांडी करणारे बरेच जण दुकानात येण्याआधी इथे डोकावतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी साबण. तुमच्या बिलावर ‘रबर, कार्ड व कागदी पिशवीसाठी’ असं लिहिलंय. तुम्ही पाठवलेला फोटोही टॅगचा होता. साबणाचा विषय निघालाच नव्हता. लेसरवर कोरायची रबराची शीट साधारण 2.3 मिमी जाड असते. त्यात अक्षरांभोवतीचा भाग फार तर मिलिमीटरभर खोल जातो. कागदाला तेवढं पुष्कळ, कारण तिथे वरच्या सपाटीवरची शाई उतरली की काम झालं. साबणात मात्र ठसा रुतावा लागतो, आणि रबर दाबलं की आधी स्वतःच दबतं. मग अक्षरांच्या पोटात साबण शिरणारच. त्यातून तुमच्या नावात एक रफार, दोन वेलांट्या आणि वर अनुस्वार! हाच शिक्का कार्डावर कसा उठलाय ते तुम्हीच टाकलेल्या दुसऱ्या फोटोत दिसतं. अनुस्वारसुद्धा सुटा आलाय. त्यामुळे ‘शिक्काच खराब आहे’ हे मला मान्य नाही.

साबणासाठी आम्ही अ‍ॅक्रिलिकचा ठसा करतो. खोली तीन मिमीच्या आसपास आणि कुठलीही रेघ एक मिमीपेक्षा बारीक नाही. तुमच्या लोगोतल्या तुळशीच्या पानांच्या शिरा त्यात बसणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. पानांची बाह्यरेषा राहील, नाव जाड होईल.

ठसा बरोबर असला तरी वेळ चुकली की फसतं. कोल्ड प्रोसेसचा, म्हणजे न शिजवता केलेला साबण साच्यातून काढून कापला की एखाद्या दिवसात मारून पाहावा. वडीला नख लागेल पण बोट चिकटणार नाही, ती वेळ. ओली असताना मारलात तर ठशाबरोबर साबणही उचलला जातो. चार-सहा आठवडे मुरलेल्या वडीवर मारलात तर कडा तडकतात. आणि ग्लिसरीनचा साबण असेल तर पावसाळी हवेत त्याला घाम सुटतो, मग कितीही चांगला ठसा निसटतो. आधी पुसा, पंख्याखाली ठेवा, मगच हात लावा.

(मातीकाम करणाऱ्यांसाठी जाता जाता: माती वाळताना आणि भाजताना आकसते, बऱ्याचदा दहाव्या हिश्शाच्या आसपास. ठसा तेवढा मोठा मागा.)

कापडाचा दोष शिक्क्याचा नाही, शाईचा आहे. ऑफिसच्या स्टँप पॅडची शाई पाण्याने जाते. कापडाची शाई वेगळी मिळते. छाप पूर्ण वाळली की वरून गरम इस्त्री फिरवायची, मग ती धुण्यात टिकते. त्यासाठी नवा शिक्का घेऊ नका. आहे तोच पुसून, वाळवून वापरा. फक्त काम झाल्या झाल्या धुऊन ठेवा, नाहीतर शाई बारीक रेघांत सुकून बसते.

आता पैसे. हा प्रश्न रास्त आहे. रबर तेच असतं हेही खरं. पण दोनशेच्या शिक्क्यात तयार फाँटमधल्या तीन ओळी असतात: नाव, हुद्दा, गाव. तुमचा लोगो व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्क्रीनशॉट होता. मोठा केला की कडा विरतात. शिरोरेषेपासून पानापर्यंत सगळं नव्याने काढावं लागलं. प्रूफ, म्हणजे तपासायचा नमुना, पाठवलं, तुम्ही वेलांटी बदलायला सांगितलीत, ती बदलली, मग तुमचं ‘ओके’ आलं. साडेआठशेपैकी पाचशे त्या आर्टवर्कचे आहेत, बिलात वेगळे दाखवलेत आणि ते एकदाच लागतात. ती फाइल तुमची आहे. मागाल तेव्हा मेल करू. उद्या दुसऱ्या कारागिराकडून ठसा करून घेतलात तरी आमची हरकत नाही.

रबरी शिक्क्याचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण ज्या कामासाठी केला ते काम तो करतोय. साबणाचा ठसा आमच्याकडून करायचा असेल तर आर्टवर्क पुन्हा लावणार नाही, अ‍ॅक्रिलिक आणि कोरणावळ तेवढी द्यावी लागेल. येताना दोन वड्या आणा, एक नुकती कापलेली आणि एक मुरलेली. दोन्हींवर तुमच्यासमोर मारून दाखवू, पसंत पडला तर न्या. सकाळी अकरानंतर या, सोमवारी दुकान बंद असतं.