प्राचीन नाण्यांना चिंच-मीठ आणि पितळी ब्रश लावू नका

नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या हा निरोप फिरतोय: "काशाचं जुनं नाणं रात्रभर चिंच-मिठात ठेवा. सकाळी पितळी ब्रशनं घासा, पितळ मऊ असतं, ओरखडा येत नाही. अक्षरं सुईनं मोकळी करा. हिरवा गंज गेला की भाव दुप्पट." चोरबाजारातून हौसेनं नाणी आणणाऱ्या नवख्यांसाठी हे लिहितोय, कारण घासलेलं नाणं पूर्ववत होत नाही.

आधी ते हिरवं. तो बहुतेकदा पॅटिना असतो, म्हणजे काळाच्या ओघात धातूवर चढलेला थर: आत क्युप्राइट या तांब्याच्या खनिजाचा तांबूस थर, वर मॅलकाइट या दुसऱ्या खनिजाचा हिरवा. शतकानुशतकं जमिनीत राहिलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग अनेकदा याच थरांत टिकलेला असतो. राजाचा चेहरा तिथे, लेखही तिथेच. थर गेला की खाली खडबडीत, कोरा धातू लागतो.

चिंचेतलं आम्ल हाच थर विरघळवतं. मीठ त्याहून घातक, कारण त्यातलं क्लोराइड धातूत शिरतं आणि मुंबईच्या दमट हवेत 'ब्रॉन्झ डिसीज', म्हणजे काशाला पोखरणारा गंज, सुरू होऊ शकतो. फिकट हिरवी, भुसभुशीत, टोचलं की गळणारी भुकटी दिसली तर तो खरा रोग. असं नाणं लगेच वेगळं काढा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा आणि जतनतज्ज्ञाला दाखवा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-जतन केंद्र आहे.

पितळ आणि कासं कठीणपणात जवळपास सारखेच. ब्रशच्या तारा पॅटिनावर पिवळट रेघा सोडतात, शिवाय मातीतले वाळूचे कण नाण्यावर फरफटतात. ते कण तर काशाहून कितीतरी कठीण.

सुईबद्दल अर्धंच खरं आहे. जतनतज्ज्ञ सुई आणि स्कालपेल (शस्त्रक्रियेची बारीक सुरी) वापरतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली. नुसत्या डोळ्यांनी पोलादी टोक चालवू नका. सुरुवात उदबत्तीच्या बांबूच्या काडीनं करा. ती तिरकी कापून टोक काढा, बोथट झालं की पुन्हा कापा. बाभळीचा काटाही चालतो. सोबत मऊ केसांचा ब्रश आणि दहापट भिंग हवं. माती डिस्टिल्ड पाण्यानं ओली करून मऊ होऊ द्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. घासू नका. काडीनं मातीचा कण उचला, ब्रशनं टिपून घ्या. अक्षराची कड दिसली की थांबा, उरलेली माती राहिली तरी चालेल. मग नाणं पूर्ण वाळवा, आणि पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात मात्र ठेवू नका.

राहिला भाव. प्राचीन काशाच्या नाण्यात जाणकार अखंड पॅटिना बघतात. घासून चकाकवलेल्या नाण्याला ते कमीच देतात.