जातीच्या रकान्याच्या पुढेही वाचा

२०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीचं काम सुरू झालं आणि जिल्हा परिषद शाळांमधली जुनी जनरल रजिस्टरं, म्हणजे मुलांच्या दाखल-नोंदीच्या वह्या, कपाटांबाहेर आली. माढा, करमाळा, बार्शी, कुठेही जा, दृश्य एकच. बोट थेट जातीच्या रकान्यावर. 'कुणबी' दिसलं की मोबाईलवर फोटो, नाही दिसलं की थुंकी लावून पुढचं पान. पुराव्याची गरज खरी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पानावर बाकीचेही रकाने आहेत. इंग्रजी अमलात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शाळा कशा चालायच्या ते त्यांत लिहिलेलं आहे आणि ते कुणी वाचत नाही. मग शतकमहोत्सवी स्मरणिकेत 'इंग्रज सरकारने गावात शाळा काढली' एवढं एक वाक्य पडतं आणि विषय मिटतो.

सरकारने काढली म्हणजे पैसा कुणाचा? शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड, म्हणजे स्थानिक कामांसाठीचा कर, बसायचा. १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला. त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांना. आता हिशेब मांडू. गावाचा सारा १६०० रुपये असेल तर फंड १०० रुपये आणि शाळेच्या वाट्याला ३३ रुपये ५ आणे ४ पै. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी ट्रेंड मास्तराला महिना किमान १२ रुपये द्या म्हणून मागणी केली होती. म्हणजे वर्षाचे १४४. एवढा पगार आपल्याच फंडातून द्यायचा तर गावाचा सारा ६९१२ रुपये हवा. आपल्या कोरडवाहू पट्ट्यात अशी गावं ती किती असणार! त्यामुळे पैसा वर एकत्र जमायचा आणि शाळा मोठ्या गावात उघडायची. वाडीतल्या शेतकऱ्याने आणा भरायचा आणि पोराने दोन कोस चालायचं, नाहीतर गुरांमागे जायचं. जुन्या रजिस्टरात 'राहण्याचे गाव' लिहिलं असेल तर बाहेरगावची नावं मोजून बघा, किती थोडी निघतात ते. शिवाय दुष्काळात साऱ्याला तहकुबी मिळाली की आणाही थांबणार. सोलापूरसारख्या जिल्ह्यात शाळेचं बजेट पावसावर होतं, असं म्हटलं तर ते अलंकारिक नाही.

आणि 'साहेब शाळा चालवायचे' हेही डोक्यातून काढा. शिक्षणखात्याचा डायरेक्टर मुंबई इलाख्याचा, त्याखाली मध्य विभागाचा इन्स्पेक्टर पुण्याला, आणि जिल्ह्यात खरा राबणारा माणूस म्हणजे दिपोटी (डेप्युटी इन्स्पेक्टर), बहुतेक आपल्यातलाच. गावोगाव फिरून मुलांची परीक्षा घ्यायची, हजेरीपट तपासायचा, शेरेबुकात शेरा मारायचा, पुढच्या मुक्कामाला निघायचं. फुल्यांनी त्याच निवेदनात नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: वर्षातून एकदाच येणाऱ्या दिपोटीचा उपयोग फारसा नाही, निदान तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, अधूनमधून वर्दी न देता यावं, आणि गावच्या अंमलदारांवर यासाठी विसंबू नये, त्यांना इतर कामांतून सवड नसते. आजच्या केंद्रप्रमुखांना हे वाचायला द्यावं. हसतील तरी, नाहीतर चिडतील तरी.

वर्दी देऊन होणाऱ्या तपासणीचा परिणाम आकड्यांवर होतो. पट (नाव नोंदलेली मुलं) आणि हजेरी यांत गल्लत करू नका. पट ४२, कामाचे दिवस २४, महिन्याची एकूण हजेरी ६४८, तर ६४८ भागिले २४ म्हणजे सरासरी २७. तपासणीच्या दिवशी मात्र ४० पोरं बसलेली. शेरेबुकात 'हजर ४०' वाचून शाळा भरभराटीत होती असं लिहिणारे लेखक आहेत. माघ-फाल्गुनात ज्वारी काढायला आली की पोरं रानात असतात, म्हणून त्या महिन्यांचा हजेरीपट मुद्दाम बघा. एका तपासणीच्या शेऱ्यापेक्षा तो जास्त खरं बोलतो.

दुसरा घोटाळा रजिस्टर नंबरचा. बरेच दिवस गैरहजर राहिलं की 'नाव कमी केले', आणि तेच पोर परत आलं की नव्या नंबरावर दाखल. शेवटचा नंबर ९०० आहे म्हणून ९०० मुलं शिकली असं होत नाही. बापाचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळवून दुबार नावं काढावी लागतात. जन्मतारीखही जपून घ्या. शाळा जूनमध्ये उघडायची, मास्तर अंदाजाने वय धरायचा आणि १ जून ठोकून द्यायचा. पानावर ओळीने १ जून दिसले तर तो गावाचा वाढदिवस नव्हे, मास्तरचा कंटाळा. शक्य तिथे गावच्या कोतवाल बुकाशी, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीशी, ताडून पाहा.

जातीचा रकाना वाचायचाच असेल तर उलट बाजूने वाचा: कोणती नावं कोणत्या सालापर्यंत दिसतच नाहीत? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, तेव्हापासून कागदावर 'सर्वांना खुली' हा वाद सुरू आहे. सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याच्या मुंबई कायदेमंडळातल्या १९२३ च्या बोले ठरावात पाणवठ्यांबरोबर शाळाही होत्या. तुमच्या शाळेत पहिलं महार किंवा मांग नाव १९२३ च्या आधीचं की नंतरचं, हे एक वाक्य स्मरणिकेतल्या दहा सत्कारांपेक्षा मोलाचं.

दप्तर कुणाचं तेही ओळखा. पंढरपूर, बार्शी, सोलापूर शहर नगरपालिकांकडे. खेडी लोकल बोर्डाकडे. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने कारभार बोर्डांच्या हाती गेला, १९३८ ला सरकारने लगाम पुन्हा आवळला, १९४७ ला नवा कायदा, १९६२ ला जिल्हा परिषद. अक्कलकोट हे संस्थान आणि मंगळवेढा सांगली संस्थानात, त्यामुळे तिथल्या जुन्या शाळांना लोकल फंडाचा वरचा हिशेब लावू नका.

फोटो काढताना पुठ्ठ्यापासून सुरुवात करा, कोरी पानंही सोडू नका, नाहीतर मधलं पान फाटलंय की तुम्ही विसरलात ते पुढच्याला कळत नाही. रजिस्टर सपाट ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने घ्या, फ्लॅश नको. फाटलेल्या कडांना सेलोटेप अजिबात नको, गोंद पिवळा पडतो आणि शाईसकट कागद घेऊन निघतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते परत काढता येत नाही. शेरेबुक आणि हजेरीपट आधी उचला. जनरल रजिस्टर दाखल्यांसाठी लागतं म्हणून मुख्याध्यापक कुलपात ठेवतात. रद्दीत पहिली जातात ती ही दोन.