नुसता आरसा मोठा करून भागत नाही

दुर्बिणीचा आरसा मोठा केला की जवळच्या अंधुक दीर्घिका आपोआप सापडतील, हे दीर्घिकांच्या शोधावरच्या लेखातलं विधान अर्धंच खरं. मोठा आरसा आकाशाचा उजेडही तेवढाच जास्त गोळा करतो! चांगल्या काळोख्या जागी आकाशाची पृष्ठप्रभा, म्हणजे आकाशाच्या ठरावीक तुकड्याचा उजळपणा, दर चौरस कोनीय सेकंदाला 22 प्रतीच्या आसपास असते (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकं अंधुक). दीर्घिका 25 प्रतीची असेल, तर तिचा उजेड आकाशाच्या जेमतेम 6 टक्के. मग आकाश वजा करताना 1 टक्का चुकलं की दीर्घिकेच्या मापात 16 टक्के चूक. म्हणून काही फायबर (उजेड वर्णपटमापकात नेणारे काचेचे तंतू) मुद्दाम रिकाम्या आकाशावर ठेवतात.

दुसरी गोम वर्णपटातल्या रेषांची, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवर दिसणाऱ्या उजळ किंवा काळ्या पट्ट्यांची. सेकंदाला 1500 किमी वेगाने दूर जाणाऱ्या दीर्घिकेत हायड्रोजन-अल्फा ही हायड्रोजनची लाल रेषा 6563 वरून 6596 अँगस्ट्रॉमजवळ (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) सरकते आणि नेमकी तिथेच आपल्याच वातावरणातल्या हायड्रॉक्सिलची (OH) रेषा बसलेली असते. विभेदन, म्हणजे जवळच्या रेषा वेगळ्या दाखवण्याची क्षमता, 5 अँगस्ट्रॉमचं असेल तर दोन्ही एकमेकींत मिसळतात. एका रेषेवर ताम्रसृती (दूर जाण्यामुळे रेषांचं लाल बाजूला सरकणं) ठरवू नये. 5032 अँगस्ट्रॉमजवळ तशीच सरकलेली ऑक्सिजनची रेषा दिसते का ते बघावं. वायू संपलेल्या दीर्घिकांत तीही नसते, फक्त फिकट शोषणरेषा (उजेड शोषला गेल्याने दिसणाऱ्या काळ्या रेषा). त्यामुळे सर्वेक्षणांत उजळ रेषांवरून सहज ओळखू येणाऱ्या निळ्या, तारे घडवणाऱ्या दीर्घिकांचं पारडं जड होतं. लेखात हा मुद्दा यायलाच हवा होता.