विज्ञानाला मर्यादा आहेत, पण तुम्ही सांगता त्या नव्हेत

“शेवटी विज्ञान एका ठिकाणी थांबतंच.” जेवणानंतरच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. म्हणणाऱ्याचा रोख बहुधा असा, की तिथून पुढे आमची हद्द सुरू होते.

आता ओगुस्त काँतचं पाहा. हा फ्रेंच तत्त्वज्ञ विज्ञानाचा विरोधक नव्हे, कट्टर पुरस्कर्ता. त्यानेच १८३५ मध्ये लिहून ठेवलं, की ताऱ्यांचं अंतर, आकार, गती कळेल. ते कशाचे बनलेत हे मात्र कधीच कळणार नाही. तेव्हा कुणालाही पटेल असंच बोलणं. तिथे जाऊन तुकडा आणणार कोण?

काँत १८५७ मध्ये वारला. दोनच वर्षांनी हायडेलबर्गमध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की तुकडा लागतच नाही, उजेड पुरतो. आमटी उतू जाऊन शेगडीवर सांडली की निळी ज्योत क्षणभर पिवळी होते ना, तो मिठातला सोडियम. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा ठरलेल्या रंगरेषा असतात. उजेड लोलकातून फाकवला की त्या वाचता येतात, मग तो शेगडीचा असो की सूर्याचा. १८६८ मध्ये सूर्याच्या उजेडात सोडियमच्या रेषांना अगदी खेटून, पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा दिसली. ती एका नव्याच मूलद्रव्याची होती. तोच हेलियम. पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅमसेच्या हाती लागायला १८९५ उजाडलं. म्हणजे आधी सूर्यावर सापडला, मग घरात! (विजयदुर्गावर हेलियम सापडल्याचा फॉरवर्ड दर ऑगस्टला येतो. ती रेषा पाहणारा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गाला आला खरा, पण १८९८ च्या ग्रहणाला. १८६८ ची ती रेषा त्याने इंग्लंडमधूनच पाहिली होती.)

मग मर्यादा नाहीतच का? आहेत की. कणाचं स्थान आणि संवेग दोन्ही एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत, हे हायझेनबर्गने १९२७ मध्ये दाखवलं. गणितात काही विधानं खरी असूनही त्या त्या नियमांतून सिद्ध करता येत नाहीत, हे ग्योडेलने १९३१ मध्ये. विश्व ज्या वेगाने प्रसरण पावतंय, त्यात काही दीर्घिकांमधून आज निघालेला उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही. पण ही कुंपणं विज्ञानानेच शोधली, गणित मांडून. काँतकडे सिद्धता नव्हती. त्याला वाट दिसत नव्हती, एवढंच. “मला सुचत नाही” आणि “होऊच शकत नाही” यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि गप्पांतले आपले विद्वान नेमकी इथेच गल्लत करतात.

मला खरी धास्ती वाटते ती तिसऱ्याच मर्यादेची, पैशाची. टेक्सासमध्ये प्रचंड कणत्वरकासाठी (अणूहून लहान कणांना वेग देऊन एकमेकांवर आदळवणारं यंत्र) वीसेक किलोमीटर बोगदा खणून झाल्यावर १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पैसे थांबवले. निसर्गाने अडवलं नव्हतं, मतदानाने अडवलं. आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठीच्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी मिळाली २०१६ मध्ये आणि २,६०० कोटींच्या खर्चाला मंत्रिमंडळाचा होकार आला २०२३ मध्ये. सात वर्षं! विज्ञान कुठे थांबतं हे विचारणाऱ्यांनी मधली ही वर्षं कुठे गेली, तेही एकदा विचारावं.