‘मराठीला वेगळं काही लागत नाही’ म्हणणाऱ्यांना: पायथॉनमध्ये अक्षरं बदलताना काय बिघडतं

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर, जळगाव-धुळ्याकडेही, एक सल्ला सारखा फिरतो: ‘स्ट्रिंगमधली (म्हणजे प्रोग्रॅममधल्या मजकुरातली) अक्षरं बदलायला रिप्लेस ही ‘शोधा आणि बदला’ची सोय पुरेशी आहे. बदल जास्त असतील तर एकापुढे एक रिप्लेस लावत जा. अख्खा शब्दच बदलायचा असेल तर रेगेक्समध्ये (मजकूर शोधायच्या पॅटर्नमध्ये) दोन्ही बाजूंना बॅकस्लॅश-बी, म्हणजे शब्दाच्या सीमेची खूण, लावा. मराठीला वेगळं काही लागत नाही.’ इंग्रजी मजकुरावर यातलं बरंचसं निभावतं. आपल्या मजकुरावर मात्र नुकसान होतं, आणि एरर येत नसल्यामुळे ते कळतही नाही.

‘रिप्लेस पुरेसं आहे.’ एखाद-दुसऱ्या चिन्हापुरतं हे खरं आहे. पण रिप्लेस मूळ स्ट्रिंगला हात लावत नाही, नवी स्ट्रिंग परत देतं. ती व्हेरिएबलमध्ये पकडली नाही तर बदल वाया गेला.

‘एकापुढे एक लावत जा.’ केळीच्या यादीत अ आणि ब हे दर्जे उलट पडले आहेत, त्यांची अदलाबदल करायची आहे. पहिलं रिप्लेस सगळे अ चे ब करतं. दुसरं सगळे ब चे अ करतं, आत्ताच झालेलेसुद्धा. हाती येतो तो फक्त अ. इथे मेकट्रान्सने कोणत्या अक्षराचं काय करायचं याचा तक्ता बनवून तो ट्रान्सलेटला द्यायचा. ते मूळ स्ट्रिंगवरून एकदाच फिरतं, म्हणून बदललेलं अक्षर पुन्हा बदलत नाही. तक्त्याची डावी बाजू मात्र एकाच कोड पॉइंटची (संगणकाच्या लेखी एका चिन्हाची) लागते. ‘क्ष’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पायथॉनला ते क, हलन्त आणि ष असे तीन दिसतात, त्यामुळे व्हॅल्यूएरर येतो. अशा जोडाक्षराला रिप्लेसच वापरा.

आता बॅकस्लॅश-बी. सगळ्यात जास्त घात इथे होतो. अहिराणी मजकुरातलं ‘शे’ बदलून ‘आहे’ करायचं आहे. नुसतं रिप्लेस केलं तर शेवभाजीची ‘आहेवभाजी’ होते, शेतकऱ्याचा ‘आहेतकऱ्या’ आणि ‘विशेष’चं ‘विआहेष’. म्हणून सल्ल्याप्रमाणे बॅकस्लॅश-बी लावलं, तर निकाल नेमका उलटा लागतो: सुटं ‘शे’ सापडतच नाही आणि ‘शेत’मधलं सापडतं! पायथॉनचं रि मॉड्युल, म्हणजे रेगेक्स चालवणारा भाग, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘शे’ मात्रेवर संपतो, पुढे स्पेस. दोन्ही त्याच्या लेखी शब्दाबाहेरचे, म्हणून सीमा नाही. ‘शेत’मध्ये मात्रेनंतर त येतो, तिथे त्याला सीमा दिसते. आणि ‘शेत’चं ‘आहेत’ झालं की तो खराच शब्द असल्यामुळे नजरेतून सुटतो. त्याऐवजी हा पॅटर्न घ्या:

(?<![ऀ-ॿ])शे(?![ऀ-ॿ])

म्हणजे ‘शे’च्या आधी किंवा नंतर देवनागरी पट्ट्यातलं काहीही नको. स्वल्पविराम, पूर्णविराम चालतात. दंड (।) याच पट्ट्यात बसतो, तेव्हा मजकुरात दंड असतील तर ते आधी बदलून घ्या.

विरामचिन्हं काढायला ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातल्या अक्षराची खूण) आणि स्पेस सोडून सगळं पुसा’ हा जो पॅटर्न सर्रास दिला जातो, त्याचं दुखणंही हेच. त्यातून धुळे ‘धळ’ होऊन निघतं, भुसावळ ‘भसवळ’ आणि नंदुरबार ‘नदरबर’. काढायची चिन्हं एकेक लिहून मेकट्रान्सच्या तिसऱ्या जागी द्या. ती तेवढीच पुसली जातात.

‘आकडे आधी इंग्रजी करून घ्या,’ असंही सांगितलं जातं. हिशेबासाठी गरज नाही. मजकुराचा आकडा करणारं इंट ‘१२५०’ तसंच वाचतं. अडतं ते ‘१,२५०’ मधल्या स्वल्पविरामाला, तेवढा काढा.

‘मराठीला वेगळं काही लागत नाही.’ ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो: एकच कोड पॉइंट, र अधिक नुक्ता (खालचं टिंब), किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना तिन्ही सारखे, रिप्लेसला वेगळे. युनिकोडडेटा मॉड्युलमधलं नॉर्मलाइझ एनएफसी (सुटी चिन्हं जोडून एक करणाऱ्या) रूपासह चालवलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही. त्यासाठी र, हलन्त, जॉइनर हा तुकडा ‘ऱ्’ने स्वतंत्रपणे बदलावा लागतो, आणि तोही ‘अदृश्य चिन्हं साफ करा’ ही पायरी चालवण्याआधी. क्रम उलटा झाला तर जॉइनर निघून जातो, ‘शेतकर्यांना’ उरतं, आणि मग तिथे मुळात ऱ होता की र्य, हे प्रोग्रॅमला सांगता येत नाही. मूळ फाइलची प्रत ठेवूनच ही साफसफाई करा.