कालवड लवकर भरवा, महिना कुठलाही चालतो? नाही चालत

वसई-पालघरच्या गोठ्यांपासून गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांपर्यंत एक मेसेज फिरतोय: 'फॅट फक्त जातीवर ठरतं. कालवड लवकर व्याली की फायदा, महिना कुठलाही चालतो. उन्हाळ्यात फॅट उतरलं म्हणजे दुधात पाणी.'

फॅट फक्त जातीवर? टक्केवारीपुरतं हे बरंचसं खरं आहे. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाय 3.5 टक्क्यांच्या आसपास, जर्सी संकरित 4.5 च्या. पण गायीनं एकूण फॅट किती दिलं, हे लिटरही ठरवतात. 14 लिटर दूध 3.6 नं म्हणजे दिवसाला सुमारे 520 ग्रॅम फॅट. 9 लिटर 4.2 नं म्हणजे जेमतेम 390. व्यायचं वय आणि महिना मुख्यतः या लिटरवर घाव घालतात.

लवकर व्याली की फायदा? वयापेक्षा वजन बघा. संकरित कालवड 250 ते 275 किलोची होण्याआधी भरवली (गाभण राहण्यासाठी रेतन केलं), तर खाल्लेलं तिच्या वाढीत जातं, वासरू अडतं आणि पहिलं वेत (व्यायल्यापासून आटेपर्यंतचा दुधाचा काळ) वाया जातं. उशीरही बरा नव्हे, तितके महिने चारा फुकट जातो. पहिल्या वेतात टक्केवारी कमी नसते, दूध कमी असतं. फॅटचे किलो तिसऱ्या ते पाचव्या वेतापर्यंत वाढत जातात.

महिना कुठलाही? मुंबईच्या दमट हवेत तर मुळीच नाही. 32 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर उष्णता-आर्द्रता निर्देशांक 85 पर्यंत जातो. एचएफला 72 पासूनच त्रास होतो. व्यायल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी दूध शिगेला पोचतं. मार्चमध्ये व्यालेल्या गायीची ही शीग नेमकी मेमध्ये येते, तेव्हा ती धापा टाकत असते आणि वैरण टाकून देते. शिगेला एक लिटर गेलं की वेतभरात सुमारे 200 लिटर जातात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत भरवा. गाभणकाळ साधारण 280 दिवसांचा, म्हणजे गाय ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विते आणि शीग थंडीत येते. फक्त एक सांभाळा: ऑक्टोबरचा उकाडा आटवलेल्या, म्हणजे व्यायच्या आधी दोन महिने दूध काढणं थांबवलेल्या गायीला गाठतो आणि त्या दोन महिन्यांतच पुढच्या वेताची कास तयार होते. पंखा आणि पाणी तिलाही दुभत्या गायीइतकंच लागतं.

फॅट उतरलं म्हणजे पाणी? हा आरोप सर्रास होतो आणि प्रामाणिक माणसाला नाहक लागतो. दहा लिटरमध्ये एक लिटर पाणी असेल, तर फॅट 4.0 वरून 3.6 होतं आणि एसएनएफही (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) 8.5 वरून 7.65 वर येतं. फॅट उतरलं पण एसएनएफ जवळपास जागेवर आहे, तर आधी गव्हाणीत बघा. उन्हाळ्यात गाय कडबा सोडते, मालक सुग्रास (तयार खुराक) वाढवतो, पोटात आम्ल वाढतं आणि फॅट पडतं. कडबा कुट्टी करून रात्री नि पहाटे घाला, सुग्रास थोडं थोडं विभागून द्या, त्यात दिवसाला 100 ते 150 ग्रॅम खायचा सोडा मिसळा. नमुना मात्र पूर्ण धार काढून, ढवळलेल्या दुधाचाच घ्या. पहिल्या धारेत फॅट फार कमी असतं, शेवटच्या धारेत कितीतरी जास्त.