मुलुंडच्या फ्लॅटमधील बाथरूमच्या कामाबद्दलच्या रिव्ह्यूला कॉन्ट्रॅक्टर फर्मच्या मालकांचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या रिव्ह्यूत तीन तक्रारी आहेत: परवानगीत तीन आठवडे गेले, इंजिनिअरच्या फीचा भुर्दंड पडला आणि आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स नाही.

लायसन्सचं आधी सांगतो. फ्लॅटमधलं बाथरूम नव्याने करणाऱ्याला महाराष्ट्रात असं वेगळं लायसन्स मिळतच नाही. दुकानात टांगलेला गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, हा कामाचा परवाना नव्हे. परवाना असतो प्लंबरचा, महापालिकेचा, आणि विजेचं काम करणाऱ्याचा, राज्य सरकारचा. आमच्या या दोन्ही परवान्यांचे नंबर कोटेशनवर छापलेले आहेत. "आमच्याकडे सगळं लायसन्स आहे" म्हणणाऱ्याकडे हेच दोन कागद मागा.

आता परवानगी. टाइल्स, नळ, कमोड जागच्या जागी बदलणं ही महापालिकेच्या लेखी साधी दुरुस्ती. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातल्या कलम ३४२ प्रमाणे त्याला पालिकेची परवानगी लागत नाही, सोसायटीला पत्र दिलं की भागतं. पण तुम्हाला भिंत पाडून कमोड बेडरूमच्या बाजूला सरकवायचा होता. बाथरूमचं सन्कन, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेला स्लॅबचा भाग, तिथपर्यंत जात नाही. म्हणजे चार इंची पाइपाला उतार द्यायचा तर एकतर बेडरूमची फरशी उचला, नाहीतर स्लॅब छिन्नीने खोदा. स्लॅबला आम्ही हात लावत नाही, हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. शिवाय खाली शेजाऱ्यांची बेडरूम. कोणाच्या झोपायच्या खोलीवर संडास आणायचा असेल तर कमिटी विचारणारच, आणि विचारायलाच हवं.

इमारत तीस वर्षांच्या वरची. त्याच कायद्याच्या कलम ३५३ब नुसार अशा इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, लागतं, त्यामुळे कमिटीने इंजिनिअरचं पत्र मागितलं. फीची पावती इंजिनिअरने थेट तुमच्या नावे दिली आहे. त्यात आमचा एक रुपयाही नाही. कमिटीची मीटिंग कधी होणार हे मात्र आमच्या हातात नव्हतं, आणि कमिटीच्या परवानगीच्या पत्राशिवाय आम्ही हातोडा उचलत नाही. वॉचमनने माणसं गेटवर अडवली की त्या दिवसाची मजुरी शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात येते.

दुसरे कॉन्ट्रॅक्टर "परवा सुरू करतो" म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. करतीलही. पण खाली गळती लागली तर सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आतल्या गळतीचा खर्च सभासदाच्या गळ्यात पडतो, कॉन्ट्रॅक्टरच्या नाही.

ड्रॉइंग तुमच्याकडेच राहू द्या, त्याचे पैसे नकोत. काम कोणीही करो, एवढं मात्र करून घ्या: वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स लावण्याआधी, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जायचं तोंड) बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्यांना त्यांचं छत बघायला सांगा. गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. डेब्रिज जिन्यात किंवा फुटपाथवर टाकू देऊ नका, दंड होतो.